माळढोकच्या फोटोतल्या तारा

मागच्या एपिसोडपासून तुम्ही मेसेजवर मेसेज करून राहिले, 'जैसलमेरचं कधी सांगतो बे?' तर घ्या, आज तेच.

आम्ही तिघं, एक जुनी गाडी, डिसेंबरची सुट्टी. गांधीबागेतून निघून जैसलमेरला पोचेपर्यंत मीटरवर चौदाशेच्या आसपास किलोमीटर चढले. आमच्याकडं कापडाच्या होलसेलवाल्यांत मूळ राजस्थानची बरीच घरं. त्यातले एक सेठजी निघताना म्हणाले, "रेत में क्या फोटू निकालोगे?"

वाळूचं पटकन सांगतो. भर दुपारी कॅमेरा बॅगेतच ठेवा. ऊन डोक्यावर असलं की टेकड्या सपाट दिसतात, लांब सावल्या पडल्या तरच आकार उठतो. वाऱ्यात लेन्स बदलू नका. मोबाईलवाले, लेन्स कपड्यानं घासू नका, आधी फुंकर मारून कण उडवा. ताऱ्यांसाठी सम नको, तिथं रात्री कॅम्पांचे लाइट आणि डीजे असतात. खुरी बरं, तेही अमावास्येच्या आसपास.

पण खरं सांगू का, आम्ही वाळूसाठी गेलोच नव्हतो. माळढोकसाठी गेलो होतो.

आता गंमत बघा. हा पक्षी आपला. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ साली त्याच्यासाठी अभयारण्य झालं. वरोरा-भद्रावतीकडं, म्हणजे नागपूरपासून दोन-अडीच तासांवर, काही वर्षांपूर्वीपर्यंत तो दिसायचा. आज देशात जेमतेम दीडशेच्या आसपास उरलेत, आणि बहुतेक सगळे जैसलमेर भागात. तिकडं त्याला गोडावण म्हणतात. राजस्थानचा राज्यपक्षी आहे तो.

सुदासरीला सकाळी पावणेआठला दिसला. लांब, गवतात, मान ताठ. गाईडभैया म्हणाले, "गाडी से उतरना नहीं." आम्ही उतरलो नाही. मादी वर्षाला साधारण एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. एका फोटोसाठी तिथं पाय ठेवायचा, हे मला तरी पटत नाही. सहाशेच्या लेन्सवर जेवढा आला तेवढा घेतला.

तिथून परत येताना दुसरा दिसला, उडताना. फोटो झक्कास आला! फक्त मागं विजेच्या तारा, आडव्या, पूर्ण फ्रेमभर.

या पक्ष्याला त्याच तारा मारून राहिल्या. वजन पंधरा किलोपर्यंत जातं. डोळे बाजूला असल्यानं समोरचं नीट दिसत नाही. तार दिसेपर्यंत एवढं धूड वळवायचं कसं? सुप्रीम कोर्टानं २०२१ मध्ये तारा जमिनीखाली घ्यायला सांगितलं. मग २०२४ मध्ये तो आदेश बदलून तज्ज्ञांची समिती नेमली, कारण या तारांतून सोलरची वीज येते. एकट्या भडलाच्या सोलर पार्कची क्षमता २,२४५ मेगावॅट आहे.

आता मी कुणाला शिव्या देऊ? मी सर्व्हरवाला माणूस, माझं अख्खं पोट विजेवर. कोळशाची वीज काय असते, ते कोराडी-चंद्रपूरच्या राखेत राहणाऱ्या आपल्या लोकांना विचारा. सोलर पाहिजेच ना भाऊ. पण पक्ष्यांच्या वाटेवरच्या तारा तरी खाली घ्या, उरलेल्यांवर पक्ष्यांना दिसतील अशा चकत्या लावा. खर्च होतो, हो. कोट्यवधींचे प्रकल्प उभे राहतात तिथं हा खर्च आधीच धरायला काय हरकत आहे?

एक चांगली बातमीपण आहे. सम आणि रामदेवराच्या केंद्रांत पिल्लं वाढवून राहिले. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू जन्मलं. ही पिल्लं मोठी होऊन मोकळी सुटतील, तेव्हा वर त्याच तारा नसाव्यात, एवढंच.

फोटो इन्स्टावर टाकलाय, तारांसकट. लोकेशन टॅग मुद्दाम लावलेला नाही. आणि प्लीज, फोनमधल्या इरेजरनं तारा पुसून मला परत पाठवू नका. आतापर्यंत तिघांनी पाठवलाय, त्यात एक आमच्याच गाडीतला होता.