बनावे : डोंगरउतारावरील एका नगरपालिकेचा कारभार

(पंचायत सदस्य व शिक्षक यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा संपादित भाग)



नगरपालिका म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर शहर उभे राहते. फिलिपीन्समध्ये मात्र नगरपालिका म्हणजे बहुधा खेड्यांचा समूह असतो. या खेड्यांना तेथे 'बारांगाय' म्हणतात. लुझोन बेटाच्या उत्तरेस, इफुगाव प्रांतातील बनावे ही अशीच एक नगरपालिका. वस्ती सुमारे २० हजार, बारांगाय १८. डोंगराच्या अंगावर पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेल्या भातखाचरांमुळे तिचे नाव जगभर पोहोचले आहे.

स्पॅनिश राजवटीला या डोंगराळ मुलखात पक्के पाय रोवता आले नाहीत. मैदानी भागात चर्च आणि चौक यांभोवती गावे वसविली गेली. इफुगाव लोक मात्र आपल्या रूढींनुसार राहिले. त्यांच्यात राजा नव्हता. तंटा झाला तर 'मोनकालुन' नावाचा मध्यस्थ दोन्ही घरी फेऱ्या घालून समेट घडवीत असे. अमेरिकन अमदानीत, १९०८ साली, हा मुलूख माउंटन प्रांताचा उपप्रांत झाला आणि १९६६ साली इफुगाव हा स्वतंत्र प्रांत अस्तित्वात आला.

आजच्या कारभाराचा पाया १९९१ चा स्थानिक शासन कायदा हा आहे. महापौर, उपमहापौर व आठ सभासद थेट मतदानाने निवडून येतात. सभेचे अध्यक्षस्थान उपमहापौराकडे असते. मुदत तीन वर्षांची असून एका पदावर लागोपाठ तीनहून अधिक मुदती राहता येत नाही. बारांगायांच्या संघाचा अध्यक्ष आणि युवकांचा प्रतिनिधीही सभेत बसतात. आदिवासी समाजाच्या प्रतिनिधित्वाची तरतूद १९९७ च्या कायद्याने केली.

या कायद्याने प्राथमिक आरोग्य, कृषिविस्तार आणि समाजकल्याण ही कामे नगरपालिकांकडे सोपविली. त्यासाठी राष्ट्रीय करांतील ४० टक्के वाटा स्थानिक संस्थांना ठरवून दिला. त्यातील ३४ टक्के नगरपालिकांचा व २० टक्के बारांगायांचा. नगरपालिकांमधील वाटप करताना निम्मा भाग लोकसंख्येवर, चतुर्थांश क्षेत्रफळावर व उरलेला चतुर्थांश सर्वांना समान, असे सूत्र आहे. लहान गावाला आधार मिळतो तो या समान भागाचा. वाट्याचा पाचवा हिस्सा विकासकामांवरच खर्च करावा लागतो. पुढे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली हा वाटा सीमाशुल्कासह सर्व राष्ट्रीय करांवर मोजावा असा निर्णय दिला. त्याची अंमलबजावणी २०२२ पासून झाली.

बारांगायाची तंटामिटाव समिती विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. पुष्कळसे किरकोळ तंटे तिच्यापुढे नेल्याशिवाय न्यायालयात दाखल होत नाहीत आणि तेथे वकिलाला प्रवेश नाही. ही पद्धत १९७८ साली देशभर लागू झाली. इफुगाव माणसाला तीत आपला मोनकालुनच भेटला असेल तर नवल नाही.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. बनावेतील बाताद व बांगान येथील खाचरे १९९५ साली जागतिक वारसा यादीत आली. मात्र २००१ साली त्या वारशाची नोंद धोक्यातील स्थळांत झाली. तरुण मंडळी रोजगारासाठी बाहेर गेली, पाट बुजले, दगडी बांध ढासळले. एकाचा बांध खचला की खालच्याचे शेतही जाते. खाचरांना पाणी पुरविणारी डोंगरमाथ्यावरची रानेही घराण्यांनीच पिढ्यान् पिढ्या राखलेली; त्यांना 'मुयोंग' म्हणतात. ती तुटली की पाणी आटते. दुरुस्तीच्या प्रयत्नांनंतर २०१२ साली हे नाव धोक्याच्या यादीतून निघाले. पण बांध दर वर्षी पाहावाच लागतो.

मित्रहो, आपल्याकडे ७३ वी घटनादुरुस्ती १९९३ साली अमलात आली, म्हणजे त्यांच्या कायद्यानंतर लगेच. अधिकार दोन्हीकडे कागदावर उतरले. बनावेचा अनुभव असा की, कामासोबत निधी हवा आणि निधीसोबत गावाची जुनी जबाबदारीची जाणीवही हवी. पैशाने दगड आणता येतो. तो नीट बसविणारा हात गावातच राहिला पाहिजे. तो हात गावात कसा टिकेल, हा प्रश्न आपल्या प्रत्येक पंचायतीने स्वतःला विचारावा, एवढेच सांगून मी आपली रजा घेतो.