ताडोब्याचा वाटाड्या

चंद्रपूर जिल्ह्यांतील ताडोबा १९५५ सालीं राष्ट्रीय उद्यान झालें. तेथें उघड्या जिप्सींतून हिंडणारे पाहुणे एका वाघालाच शोधीत असतात. वाटाड्याचे मात्र कान जागे असतात. झाडावर वानर खाकरलें, कीं तो चालकास एंजिन बंद करावयास खुणावतो. चितळाची हांक एक वेळ फसवी निघेल. सांबर ओरडलें, तर वाघ जवळ असण्याचा संभव मोठा. हे वाटाडे बहुधा भोवतालच्या खेड्यांतलेच. अरण्याच्या गाभ्यांतील कांहीं गांवें वाघांसाठींच बाहेर हलविण्यांत आलीं, हें पाहुण्यांस क्वचितच ठाऊक असतें. वाघ दिसला नाहीं म्हणून ते कुरकुरतात. वाटाड्या गाडींतूनच वांकून धुळींतला ताजा माग दाखवितो, आणि पुन्हां कानोसा घेऊं लागतो.