मंडपाआधीची कामं

कार्यक्रमांच्या आयोजनात नेतृत्व करायचं म्हणजे झगमगता मंच उभारायचा, असा सर्रास समज आहे. महाडचाच दाखला तो खोडून काढतो. 19 आणि 20 मार्च 1927 ला इथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे यांच्यासारख्यांनी त्यासाठी आधीपासून राबून माणसं जोडली. आणि चवदार तळं गावात असूनही ते अस्पृश्यांना बंद, म्हणून जमलेल्यांसाठी 40 रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये भरलेल्या दुसऱ्या परिषदेला जागा मिळेना, तेव्हा ती एका मुसलमान गृहस्थाकडून मिळवली.

कुणी म्हणेल, हक्काच्या लढ्याला बाजारातल्या कार्यक्रमांचं माप कशाला? हेतूत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, हे कबूलच. पण आलेल्या माणसाची जबाबदारी दोन्हीकडे तीच. मार्चमध्ये परिषदेला आलेल्यांवर हल्ले झाले, म्हणजे परतीची वाटही नियोजनातच येते. 6 जूनला, शिवराज्याभिषेक दिनी, पावसाच्या तोंडावर, रायगडाच्या पायऱ्यांवर गर्दी लोटते, तेव्हा पाणी, प्रथमोपचार, वाहनतळ हेच सांभाळावं लागतं. महाड-पोलादपुरातल्या होतकरू आयोजकाने सुरुवात तिथून करावी. निवेदकाचा माईक नंतर मिळाला तरी चालेल.