मांजराशी बिनसते तेव्हा



काल या व्यासपीठावर अर्थकारणावर व्याख्यान झाले, उद्या भाषाशास्त्रावर आहे. मध्येच आज मांजर आडवे गेले, असा चिमटा चिटणीसांनी मला आधीच काढून ठेवला आहे. चिमटा मान्य. पण ज्या घरात मांजराशी बिनसलेले असते, त्या घरात हा विषय थट्टेचा राहत नाही. हातांवर ओरखडे असतात, गादीला वास येतो, घरात दोन तट पडतात, आणि एके दिवशी कोणीतरी पोते घेऊन येतो. त्या पोत्यापर्यंत गोष्ट जाऊ नये, म्हणून हे बोलणे.

भांडणाचे मूळ बहुधा अपेक्षेत असते. कुत्र्याला माणसाने राखणीसाठी, शिकारीसाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडून घडविले. मांजर मात्र आपण होऊन आले. आपण धान्य साठविले, धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे पश्चिम आशियातले रानमांजर. सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेल्या मांजराचे अवशेष सापडल्याचे २००४ साली प्रसिद्ध झाले. ते दफन सुमारे ९५०० वर्षांपूर्वीचे. इतका जुना शेजार, पण त्यात आज्ञापालनाचे कलम कधी नव्हतेच. कुत्र्याच्या मापाने मांजर मोजू लागलो, की ते कृतघ्न दिसणारच.

नेहमीची तक्रार घ्या. मांजर मांडीवर येते, डोळे मिटते, घुरघुरते, आणि कुरवाळता कुरवाळता एकाएकी हाताला कडकडून चावते. ‘एकाएकी’ हा शब्द आपला. त्याआधी शेपटीचे टोक हलू लागलेले असते, कान मागे वळलेले असतात, पाठीवरची कातडी थरथरलेली असते. त्याने तीनदा सांगितले. आपले लक्ष वर्तमानपत्रात होते. आणि घुरघुर म्हणजे समाधानच, असेही नाही. जखमी मांजरही घुरघुरते. तेव्हा दोन-चारदा हात फिरवावा आणि थांबावे. हवे असेल तर ते स्वतःच डोके पुढे करील. काही मांजरे तेवढेही करीत नाहीत. पिल्लू दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात माणसाच्या हातात खेळले, तर पुढे त्याला माणसाचे भय राहत नाही. माळ्यावर वाढलेले चार महिन्यांचे पिल्लू आणून त्याने मांडीवर बसावे असा हट्ट धरण्यात अर्थ नाही.

मग चापटीचा उपाय निघतो. नाहीतर मानगूट धरून उचलण्याचा. “आई नाही का तसे उचलत?” असा युक्तिवादही ऐकू येतो. आपल्या वैष्णव आचार्यांत मर्कटन्याय आणि मार्जारन्याय असा मोठा वाद आहे. वानरीचे पिल्लू आईला स्वतः बिलगते. मांजरीचे पिल्लू निश्चेष्ट पडून राहते आणि आई त्याला उचलून नेते. शरणागतीसाठी दृष्टांत सुंदर आहे. पण तो पिल्लाचा आहे, बोक्याचा नव्हे! वाढलेले मांजर मानगुटीला धरले की शरण जात नाही, घाबरते. आणि मार खाल्लेले मांजर चूक नव्हे, मारणाऱ्याचा हात लक्षात ठेवते.

माझ्या परिचयाच्या एका घरी तरुण बोका दिवेलागणीला आजींच्या घोट्याला चावे. आजींना वाटे, याचा आपल्यावर दावा आहे. दावा कसला! तिसऱ्या मजल्यावर दिवसभर कोंडलेला प्राणी, संधिप्रकाशाची त्याची शिकारीची वेळ, आणि समोर हलणारा लुगड्याचा काठ. नातवाने रोज जेवणाआधी पंधरा मिनिटे दोरीला कागदाचा बोळा बांधून त्याला दमवावे आणि मग खायला घालावे, असे ठरले. आजींनीही पाय झटकण्याऐवजी जागच्या जागी उभे राहण्याची सवय केली. शिवाय नातवाने त्यांना एक नवे शास्त्र शिकविले. मांजराकडे पाहून सावकाश डोळे मिटले, तर अनोळखी माणसाच्याही ते जवळ यायला धजते, असे इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली दाखविले आहे. आजी बोक्याकडे पाहून डोळे मिचकावतात, हे दृश्य मी पाहिले आहे. तो मांडीवर येत नाही. पण चावतही नाही.

मात्र चाव्याच्या बाबतीत कौतुक बाजूला ठेवावे. जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. रेबीज मांजरापासूनही होतो. हळद-चुना लावून घरी बसू नये.

गादीवर मुतणे याला लोक सूड म्हणतात. मातीचे घमेले घाण झालेले असते, घरात नवे मांजर आलेले असते, कशाची तरी भीती बसलेली असते. किंवा ते आजारी असते. बोका वारंवार बसून कुंथत असेल आणि थेंबही पडत नसेल, तर मूत्रमार्ग तुंबला आहे असे धरून तत्काळ पशुवैद्याकडे न्यावे. उशीर झाला तर तो दोन-तीन दिवसांत दगावतो.

आता ते पोते. मांजर सात घरे फिरते, कुठेही जगते, अशी आपण मनाची समजूत घालतो. पण ती सात घरे मांजरी स्वतः पाहून निवडते. नदीपलीकडे सोडलेल्या मांजराला तिथला आडोसा ठाऊक नसतो, अन्न ठाऊक नसते, आणि तिथली मांजरे त्याला टिकू देत नाहीत. उपासमार होईल अशा ठिकाणी प्राणी टाकून येणे हा १९६० च्या कायद्याने गुन्हाही आहे. पण कायदा पोत्यामागून येत नाही, म्हणून तुम्हांला सांगतो. सगळे करूनही खरोखरच जमत नसेल, तर ज्या घरी लहान मुले वा दुसरे मांजर नाही असे घर शोधा, खोडी लपवू नका, आणि स्वतः जाऊन पोचवा. पहिले आठ-दहा दिवस त्याला एकाच खोलीत ठेवावयास सांगा. त्याचे नेहमीचे गोणपाट बरोबर द्या; ते मात्र धुऊ नका. परक्या घरात ओळखीचा वास तेवढाच असतो.