निरोप कुठं अडकतो, ते बघूया
(प्रभागसंघाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



आज मी औषध-गोळ्यांबद्दल बोलणार नाही. सरकारी दवाखान्यातली माणसं एकमेकांशी कशी बोलतात, त्यावर बोलणार आहे. कारण त्यावरही आपल्या लेकी-सुनांचा जीव अवलंबून असतो.

हिशोब बघा. साधारण १,००० लोकांमागे एक आशाताई. ५,००० लोकांमागे एक उपकेंद्र, तिथं नर्सताई. ३०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथं डॉक्टर. आदिवासी आणि डोंगरी भागात उपकेंद्र ३,००० ला आणि आरोग्य केंद्र २०,००० ला. म्हणजे एका गरोदर बाईची खबर तीन-चार जणांच्या हातातून जाते. घागर इतक्या हातांतून गेली की पाणी सांडतंच, तसा निरोपही सांडतो.

समजा, तपासणीत एखादीचं रक्त ७ च्या खाली निघालं. हा जोखमीचा आकडा आहे, नुसत्या गोळ्यांवर भागत नाही. आकडा रजिस्टरात चढला, पण आशाताईला कुणी कळवलंच नाही, तर घरी जाऊन पाठपुरावा कोण करणार? कधी उलटं होतं. आशाताईला बाईच्या पायावरची सूज दिसते, पण मोठ्या साहेबांना दोनदा कसं सांगायचं म्हणून ती गप्प बसते. इथं कुणी कामचुकार नसतं. मोठा-लहान हुद्दा आणि कामाची घाई मधे येते.

म्हणून बायांनो, दवाखान्यात गेलात की चार गोष्टी बघा :

१. सांगितलेलं कार्डावर लिहिलं का?
२. ऐकणाऱ्यानं "म्हणजे असंच ना?" असं परत विचारून घेतलं का?
३. आशाताई बोलताना तिचं पुरतं ऐकून घेतलं का?
४. मोठ्या दवाखान्यात पाठवलेल्या बाईची खबर परत गावातल्या ताईंकडं आली का?

हे भांडायला नाही, शिकायला बघायचं. पेशंटचं नाव चारचौघांत घ्यायचं नाही. आशाताई आपल्यातलीच आहे, तिच्यावर खापर फोडायचं नाही. नोंद गटाच्या वहीत करा, आणि गावच्या आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीत मांडा. तिथं बायांना जागा आहे, ती रिकामी ठेवू नका. आपल्या राज्यात २००७ पासून लोकाधारित देखरेखीचं काम सुरू झालं. जनसुनवाईत गावकऱ्यांनी अधिकाऱ्यांसमोर प्रश्न मांडले. तेव्हा विचारणं हा आपला हक्कच आहे.

बचतीचा एक रुपया चुकला तर आपण वही उलटीपालटी करतो. मग बाईच्या जिवाचा निरोप चुकला तर गप्प का बसायचं? पुढच्या सभेला येताना प्रत्येक गटानं निदान एक नोंद घेऊन या.