टिंब, रेघ आणि मुदत

संगीत शिक्षक मित्रहो,

मी गाणारा नाही, नंदुरबारचा झेरॉक्सवाला आहे. परीक्षा जवळ आल्या की माझ्याकडे पिवळी पडलेली पुस्तकं येतात. त्यांत भातखंड्यांच्या स्वरलिपीतलं पुस्तक असलं की धास्तीच. स्वराखालचं मंद्राचं, म्हणजे खालच्या सप्तकाचं, टिंब झेरॉक्समध्ये उडतं, नाहीतर कागदावरचा डागच टिंब होऊन बसतो आणि पोरगं उगाच मंद्रात उतरतं. कोमल स्वराखालची आडवी रेघ मात्र टिकते.

एकदा अमेरिकेतल्या एका मराठी ताईंनी पानं स्कॅन करून मागितली आणि विचारलं, "दादा, हे चालतं ना?" तेव्हापासून कॉपीराइटचा कायदा चाळू लागलो.

भातखंडे १९३६ साली गेले. तेव्हाच्या कायद्याने पुढची ५० वर्षं धरून १९८६अखेर त्यांच्या 'क्रमिक पुस्तक मालिके'चे त्यांच्या हयातीत निघालेले भाग मोकळे झाले. टागोरांच्या लेखनाची मुदत संपायला आली, तेव्हा १९९२च्या दुरुस्तीने ५०ची ६० झाली. पण आधी सुटलेलं सुटलेलंच राहिलं. विनायकबुवा पटवर्धन १९७५ साली गेले, म्हणून त्यांचं 'राग विज्ञान' आपल्याकडे २०३५अखेरपर्यंत बांधलेलं. युरोपात साठाऐवजी ७०, मेक्सिकोत १००. अमेरिकेत तर जुन्या पुस्तकांना लेखकाचं मरण नव्हे, प्रकाशनाचं साल धरतात आणि तिथून ९५ वर्षं मोजतात. म्हणजे एकट्या 'राग विज्ञान'च्या सात भागांचे हिशेबही वेगवेगळे! ताईंना भातखंडे पाठवले; पटवर्धनांसाठी पुण्याच्या दुकानाचा पत्ता दिला.

मला खटकतं ते वेगळंच. १९५७च्या कायद्यात संगीत म्हणजे छापलेलं किंवा लिहिलेलं. ही व्याख्या बदलली १९९४च्या दुरुस्तीने. तोवर कागदावर न उतरलेली चाल कायद्याच्या लेखी संगीतच नव्हती. काठी गावच्या होळीला रात्रभर घुमणारा ढोल, कोकणी पाड्यांवरची पावरी, हे सगळं त्या व्याख्येबाहेर. आजही त्या चालींना एक कर्ता नाही. कोणाच्या मरणापासून साठ मोजायचे? उद्या कुणी त्या लिहून पुस्तक काढलं, तर त्या पुस्तकावरचा हक्क मात्र त्याचा.

म्हणून उद्या सकाळच्या सत्रात पावरीवाले आधी बसतील, आपण ऐकू. ज्यांना लिहून घ्यायचं आहे त्यांनी जरूर घ्यावं. फक्त पानाच्या डोक्यावर पाड्याचं आणि वाजवणाऱ्याचं नाव आधी, रागाचं मागून. 

जेवण मागच्या मांडवात आहे. शेवभाजी आमच्या हिशेबाने केली आहे. झेपली नाही तर दही मागून घ्या, लाजू नका.