भिंतीवरचे कॅलेंडर आणि वर्गातील प्रश्न



‘सामान्य ज्ञान’ म्हटले की आपल्यासमोर प्रश्नोत्तरांची एक लांबलचक यादी उभी राहते. मुले ती घोकतात, तपासणीच्या दिवशी खडाखडा म्हणून दाखवितात, आणि आपण सुटकेचा निःश्वास टाकतो. पाठांतराला माझा विरोध नाही. परंतु उत्तर पाठ झाले म्हणजे ज्ञान झाले, अशी समजूत करून घेतल्याने काय हानी होते, हे मी स्वतःच्याच दोन चुकांवरून सांगणार आहे. त्यासाठी दूरचे साधन नको. शाळेच्या भिंतीवर टांगलेले कॅलेंडर पुरेसे आहे.

नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत मी चौथीच्या वर्गाकडून इंग्रजी महिन्यांची नावे म्हणवून घेत होतो. एक मुलगी उठून म्हणाली, “गुरुजी, सप्ताह म्हणजे सात दिवस ना? मग सप्टेंबर नववा कसा?” मला उत्तर ठाऊक नव्हते. ते कबूल करण्याऐवजी मी दरडावले, “फाजील प्रश्न नकोत, पुढची नावे म्हण.” त्या वर्षात तिने पुन्हा हात वर केला नाही.

वास्तविक तिची शंका अगदी रास्त होती. प्राचीन रोममध्ये वर्षाचा आरंभ मार्चपासून होत असे. मार्चपासून बोटांवर मोजून पाहा: सप्टेंबर सातवा, ऑक्टोबर आठवा, नोव्हेंबर नववा, डिसेंबर दहावा. लॅटिनमधील सेप्तेम, ऑक्तो, नोव्हेम, देकेम आणि आपले सप्त, अष्ट, नव, दश हे शब्द एकाच भाषाकुलातील भावंडे आहेत. पुढे इ. स. पूर्व १५३ पासून रोमचे कॉन्सल हे मुख्य अधिकारी १ जानेवारीस अधिकारग्रहण करू लागले. वर्षारंभ सरकला, पण महिन्यांची नावे तीच राहिली. खेड्यातील एका मुलीने केवळ कानाच्या बळावर रोमचा इतिहास हुडकून काढला होता, आणि मी तिला खाली बसविले!

दुसरी चूक याच्या उलट. फेब्रुवारीस दिवस कमी का, असे विचारले की मी मोठ्या ऐटीत गोष्ट सांगे: जुलै महिना जूलियस सीझरच्या नावाचा, एकतीस दिवसांचा, आपला ऑगस्ट त्याहून लहान नको, म्हणून सम्राट ऑगस्टसने फेब्रुवारीतला एक दिवस काढून घेतला. गोष्ट मुलांना आवडे. पण ती खरी नाही. इटलीतील आंझिओ येथे भिंतीवर रंगविलेली एक रोमन दिनदर्शिका सापडली आहे. ती सीझरने इ. स. पूर्व ४६ मध्ये केलेल्या सुधारणेच्याही पूर्वीची आहे, आणि तीत फेब्रुवारी अठ्ठावीस दिवसांचाच आहे. ऑगस्टसचे नाव त्या महिन्यास मिळाले ते इ. स. पूर्व ८ मध्ये. म्हणजे प्रथम मी प्रश्न दडपला, नंतर रचलेले उत्तर दिले. दोहोंपैकी अधिक वाईट कोणते, हे ठरविणे कठीण आहे.

आता तारखांकडे वळू. सीझरच्या गणनेतील वर्ष खऱ्या सौरवर्षापेक्षा सुमारे अकरा मिनिटांनी मोठे होते. ही मिनिटे साचत जाऊन सोळाव्या शतकापर्यंत दहा दिवसांचा फरक पडला. तेव्हा पोप तेरावा ग्रेगरी याने १५८२ मध्ये दहा दिवस गाळले. इटली, स्पेन व पोर्तुगाल येथे गुरुवार ४ ऑक्टोबरनंतर एकदम शुक्रवार १५ ऑक्टोबर उजाडला. इंग्लंडने मात्र ही सुधारणा १७५२ पर्यंत स्वीकारली नाही. म्हणूनच छत्रपती शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाची तारीख इंग्रजांच्या जुन्या गणनेने ६ जून १६७४, तर सुधारित गणनेने १६ जून येते. तिथी मात्र एकच: ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६. निरनिराळ्या पुस्तकांत वाचून दोन मुलांनी दोन तारखा सांगितल्या, तर एकाला चूक ठरविण्यापूर्वी आपण क्षणभर थांबले पाहिजे.

आपल्या वर्गात दिवाळी साजरी करणारे मूल आणि ईद साजरी करणारे मूल शेजारी शेजारी बसते. दिवाळी दरवर्षी पावसाळा सरल्यावरच येते. रमजान मात्र कधी उन्हाळ्यात, कधी थंडीत येतो. हे कसे, असे त्यांनाच विचारावे. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, सौरवर्ष ३६५ दिवसांचे. ही अकरा दिवसांची तूट आपले पंचांग अधिक मास घालून भरून काढते. हिजरी गणना ती भरीत नाही, म्हणून तिचे महिने सुमारे तेहतीस वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येतात. दोन्ही पद्धती चंद्राकडे पाहूनच चालतात. एवढे हिशेबाने उमगले, तर शेजाऱ्याच्या सणाविषयी मुलाच्या मनात परकेपणा कशाला राहील?

माझी सूचना साधी आहे. कॅलेंडरशेजारी एक कोरा कागद चिकटवावा. ज्या प्रश्नाचे उत्तर आपणास येत नाही, तो विचारणाऱ्याच्या नावासह त्यावर लिहावा आणि वर्गाला स्पष्ट सांगावे, “हे मला ठाऊक नाही, आपण शोधू.” पुढील केंद्रसंमेलनास येताना तो कागद सोबत आणावा. एकाला न सुटलेला प्रश्न दुसऱ्यास सुटेल. कोणालाच न सुटला तर ग्रंथालय आहे. असे म्हटल्याने गुरुजींचा मान कमी होईल, ही भीती मलाही होती. अनुभव उलट आला. ज्या दिवशी मी प्रथम “ठाऊक नाही” म्हणालो, त्या दिवशी वर्गात नेहमीपेक्षा अधिक हात वर झाले.

त्या मुलीचा हात मात्र त्यांत नव्हता. ती केव्हाच शाळा सोडून गेली होती.